घरगुती अवरक्त हालचाल-शोधक: लेन्स आणि सेन्सर यांची जोडी कशी निवडावी

घरी हालचाल-शोधक बनवायला घेणारे बहुतेक जण आधी सेन्सर आणतात, मग सर्किट जुळवतात आणि सेन्सरसोबत आलेला पांढरा घुमट लेन्स म्हणून जसाच्या तसा बसवून मोकळे होतात. पुढे उपकरण दहा मीटरवरच्या माणसाची दखल घेईनासे झाले, किंवा कोणी नसताना वाजू लागले, की संवेदनशीलतेचे बटण फिरवणे सुरू होते. ते बटण विद्युत-संकेत मोठा करते हे खरे, पण मुळात संकेतच क्षीण असेल तर त्याच्यासोबत गोंगाटही तितक्याच पटीने वाढतो. संकेत किती जोरकस असणार हे बटणाच्या कितीतरी आधी, लेन्सचे नाभीय अंतर (लेन्सपासून ती किरण जिथे एकवटते तिथपर्यंतचे अंतर) आणि सेन्सरमधील उष्णता टिपणाऱ्या पट्ट्यांची रुंदी यांच्या प्रमाणावरून ठरून गेलेले असते. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे: आधी जागा, मग लेन्स, मग सेन्सर, आणि सर्वांत शेवटी प्रवर्धक, म्हणजे संकेत मोठा करणारे सर्किट.

कोणते अवरक्त किरण?

‘अवरक्त’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची गल्लत झाली की खरेदीच चुकते. रिमोट कंट्रोलमधील एलईडी ९४० नॅनोमीटर, म्हणजे जवळजवळ १ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. तो साध्या काचेतून आणि ॲक्रिलिकमधून आरपार जातो आणि सिलिकॉनच्या फोटोडायोडला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागाला, दिसतो. दारावर अदृश्य किरण सोडून तो कोणी तोडला का हे पाहणाऱ्या उपकरणाला हे भाग उपयोगी पडतात.

माणसाचे शरीर मात्र स्वतःच उष्णतेचे प्रारण सोडत असते. त्वचेचे तापमान ३२ ते ३३ अंश सेल्सिअस धरले, तर या प्रारणाचा जोर ९.५ मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतो. ही तरंगलांबी रिमोटच्या प्रकाशाच्या दहापट आहे. तिथे फोटोडायोड पूर्ण आंधळा असतो आणि खिडकीची काच भिंतीइतकीच अपारदर्शक ठरते. हा लेख या दुसऱ्या प्रकाराविषयी, म्हणजे पीआयआर नावाने ओळखल्या जाणाऱ्या निष्क्रिय अवरक्त शोधकाविषयी आहे. तो स्वतः काहीही सोडत नाही, केवळ पाहतो.

सेन्सर काय पाहतो हे आधी समजून घ्यावे

पायरोइलेक्ट्रिक पदार्थाचे तापमान बदलले की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतप्रभार निर्माण होतो. तापमान स्थिर राहिले, मग ते कितीही जास्त असो, की हा प्रभार विरून जातो. त्यामुळे स्तब्ध बसलेला माणूस या सेन्सरला दिसत नाही आणि हा दोष कोणत्याही लेन्सने दूर होत नाही.

नेहमीच्या सेन्सरच्या धातूच्या डबीत अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. बहुतेक सामान्य नमुन्यांत प्रत्येक पट्टी १ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर उंच असून दोन्हींमध्ये १ मिलिमीटर जागा सोडलेली असते. त्या एकमेकींना विरुद्ध दिशेने जोडलेल्या असल्यामुळे खोलीचे तापमान चढले किंवा सगळ्या खोलीवर एकदम ऊन पसरले, तर दोन्ही पट्ट्या सारख्याच तापतात आणि त्यांचे संकेत परस्परांना खोडतात. माणूस चालत जातो तेव्हा मात्र त्याची उष्ण प्रतिमा आधी एका पट्टीवर आणि नंतर दुसरीवर पडते, आणि एक धन व एक ऋण अशी लाट उमटते. पट्ट्यांपुढील खिडकीवरचा थर साधारण ५ ते १४ मायक्रोमीटरमधील प्रारण आत येऊ देतो आणि दृश्य प्रकाश अडवतो.

आता लेन्सचे काम स्पष्ट होते. लेन्स नसेल तर समोरच्या अर्ध्या जगाचे प्रारण दोन्ही पट्ट्यांवर सारखेच पडते, आणि माणूस अगदी दोन हातांवर आला तरच काही फरक जाणवतो. लेन्स समोरच्या जागेचे पट्टीगणिक अरुंद झोन पाडते. हालचालीचे रूपांतर तापमानाच्या चढउतारात करणारा खरा भाग लेन्स हाच आहे.

पहिली पायरी: जागा मोजून घेणे

कागदावर खोलीचा किंवा अंगणाचा आराखडा काढावा आणि त्यावर चार गोष्टी लिहाव्यात: माणूस जास्तीत जास्त किती अंतरावर ओळखला जायला हवा, किती अंशांचा कोन झाकायचा आहे, माणसे कोणत्या दिशेने चालतील आणि उपकरण किती उंचीवर बसेल. यांतील तिसऱ्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सेन्सरच्या रोखाने सरळ चालत येणारा माणूस बराच वेळ एकाच झोनमध्ये राहतो आणि उशिरा ओळखला जातो. आडवा जाणारा माणूस मात्र एकामागून एक झोन ओलांडतो. म्हणून दरवाजासमोर उपकरण लावण्यापेक्षा, दारातून आत येणाऱ्याला ते बाजूने पाहील अशा कोपऱ्यात लावणे जवळजवळ नेहमीच श्रेयस्कर असते.

दुसरी पायरी: नाभीय अंतराचे गणित

संपूर्ण निवडीचा कणा इथे आहे, आणि गणित शाळेतल्या समरूप त्रिकोणांपेक्षा अवघड नाही. एखाद्या अंतरावर एका पट्टीचा झोन किती रुंद होईल हे काढायचे असेल, तर पट्टीच्या रुंदीला त्या अंतराने गुणावे आणि नाभीय अंतराने भागावे. १ मिलिमीटर रुंद पट्टी आणि २५ मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स घेतली, तर १० मीटरवर झोन ०.४ मीटर रुंद आणि, पट्टी २ मिलिमीटर उंच असल्यामुळे, ०.८ मीटर उंच होतो. माणसाच्या खांद्यांची रुंदी ०.४५ मीटरच्या आसपास असते. म्हणजे त्या अंतरावर माणसाची प्रतिमा एक पट्टी पुरती झाकते आणि संकेत भरपूर मिळतो.

आता तोच सेन्सर १० मिलिमीटर नाभीय अंतराच्या छोट्या घुमटाखाली ठेवून पाहू. १० मीटरवर झोन १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच होतो. माणूस त्याच्या अर्ध्याहून कमी रुंदी व्यापतो, उरलेल्या भागात मागची थंड भिंत दिसत राहते आणि संकेत त्या प्रमाणात घटतो. याच घुमटाखाली ५ मीटरवरचा माणूस मात्र उत्तम ओळखला जातो, कारण तिथे झोन ०.५ मीटरचा असतो. ‘या सेन्सरचा पल्ला सात मीटर’ असे पाकिटावर लिहिलेले असते तेव्हा ते विधान सेन्सर, लेन्स आणि प्रवर्धक या तिघांबद्दल असते. सुट्या सेन्सरला स्वतःचा असा पल्ला नसतो.

उलट दिशेने हेच सूत्र निवडीसाठी वापरता येते. पट्टीची मिलिमीटरमधील रुंदी गुणिले मीटरमधील अंतर, भागिले ०.४५, हे आवश्यक नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये देते. ५ मीटरसाठी सुमारे ११, १० मीटरसाठी २२ आणि २० मीटरच्या लांब बोळासाठी ४४ मिलिमीटर असे आकडे येतात. प्राणी नको आणि माणूस हवा असेल तेव्हाही हेच गणित कामाचे आहे, कारण मांजराची प्रतिमा त्याच झोनचा लहानसा कोपराच व्यापते. अर्थात ते मांजर एक मीटरवर आले तर हा फायदा संपतो.

नाभीय अंतर वाढवण्याची किंमतही द्यावी लागते. पट्टीवर पडणाऱ्या प्रतिमेची प्रखरता लेन्सच्या क्षेत्रफळाला नाभीय अंतराच्या वर्गाने भागून येणाऱ्या संख्येवर अवलंबून असते. नाभीय अंतर दुप्पट केले तर तीच प्रखरता राखायला लेन्सचे क्षेत्रफळ चौपट लागते. म्हणून लांब पल्ल्याची उपकरणे आकाराने मोठी असतात, आणि तळहातात मावणाऱ्या डबीकडून वीस मीटरची अपेक्षा करू नये.

तिसरी पायरी: लेन्सचा साचा आणि पदार्थ

पीआयआरची लेन्स ही एक लेन्स नसून अनेक छोट्या फ्रेनेल लेन्सचा एकसंध पत्रा असतो. फ्रेनेल लेन्समध्ये जाड भिंगाचा वक्र पृष्ठभाग तेवढा वर्तुळाकार खाचांच्या रूपाने ठेवलेला असतो आणि आतला निरुपयोगी जाड भाग काढून टाकलेला असतो. ओगुस्तँ फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी ही रचना प्रत्यक्षात आणली. तिथे तिने काचेचे वजन वाचवले. आपल्याला तिची गरज अधिक निकडीची आहे: प्लास्टिक थोडे जरी जाड झाले तरी दीर्घ अवरक्त प्रारण शोषून घेते, म्हणून लेन्स अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पातळ असावीच लागते.

पदार्थ उच्च घनतेचे पॉलिथीन, म्हणजे एचडीपीई हाच असावा. वाचनासाठी मिळणारी पारदर्शक फ्रेनेल भिंगाची पट्टी दिसायला तशीच असली तरी ती ॲक्रिलिकची किंवा पीव्हीसीची असते आणि या तरंगलांबीला ती जवळपास बंद दार असते. या एका चुकीपायी कित्येकांचे प्रकल्प सुरू होण्याआधीच थांबलेले मी पाहिले आहेत. लेन्सवर रंग देऊ नये आणि तिच्यापुढे संरक्षणासाठी काच किंवा ॲक्रिलिक लावू नये. वाऱ्यापावसापासून आडोसा हवाच असेल, तर पॉलिथीनच्या पातळ पिशवीचा एक थर ताणून लावावा. त्याने संकेत थोडाच कमी होतो.

साच्यांचे मुख्य प्रकार तीन. विस्तीर्ण कोनाच्या लेन्समध्ये पुष्कळ पैलू, म्हणजे पत्र्यावरच्या छोट्या लेन्स, पंख्यासारखे पसरलेले असतात. बोळाच्या लेन्समध्ये मोजकेच पण मोठे पैलू एका दिशेला रोखलेले असतात. पडदा-लेन्समध्ये सगळे पैलू एका उभ्या पातळीत असतात आणि खिडक्यांची रांग किंवा कुंपण यांवर अदृश्य पडदा टाकल्यासारखे काम करतात. कोणत्याही एका झोनला त्याच्या एकाच पैलूतून आलेले प्रारण मिळते, त्यामुळे ठरावीक आकाराच्या पत्र्यावर पैलू जितके जास्त, तितका प्रत्येक झोन दुबळा. जिथे ९० अंश पुरतात तिथे १२० अंशांची लेन्स घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नको असलेले कोन पुढे खोट्या इशाऱ्यांचेच काम करतात.

पैलूंच्या आडव्या ओळीही पाहाव्यात. २.२ मीटर उंचीवरून १० मीटरवरच्या माणसाच्या कमरेवर, म्हणजे जमिनीपासून १ मीटरवर, नेम धरायचा तर झोन सुमारे ७ अंश खाली झुकलेला हवा. ३ मीटरवरच्या माणसासाठी तोच झुकाव २२ अंश होतो. म्हणूनच भिंतीवरच्या लेन्समध्ये दूरची, मधली आणि जवळची अशा ओळी असतात, आणि ती उलटी बसवली तर जवळची ओळ छताकडे पाहू लागते. घरात वावरणाऱ्या पाळीव प्राण्यांसाठीच्या लेन्समध्ये खालच्या ओळी गाळलेल्या असतात. हाच परिणाम साध्या लेन्सच्या खालच्या पैलूंना आतून अपारदर्शक चिकटपट्टी लावून मिळवता येतो.

चौथी पायरी: सेन्सर

लेन्स ठरली की सेन्सरची निवड बरीच सोपी होते. सर्वसाधारण कामाला दोन पट्ट्यांचा सेन्सर पुरतो. आरई२००बी, डी२०३एस, एलएचआय७७८ हे प्रचलित नमुने याच जातीचे आहेत. तांत्रिक पत्रकात पट्ट्यांचा आकार, त्यांमधील अंतर, खिडकीचा कोन आणि चालण्याचे व्होल्टेज या चार गोष्टी वाचाव्यात. पट्ट्यांचा आकार वेगळा असेल तर वरचे गणित पुन्हा करावे. उपकरण छताला लावून खाली पाहणार असेल आणि माणसे कोणत्याही दिशेने येणार असतील, तर चार पट्ट्यांचा सेन्सर घ्यावा, कारण दोन पट्ट्यांचा सेन्सर त्या पट्ट्यांना जोडणाऱ्या रेषेच्या काटकोनात होणारी हालचाल फार क्षीणपणे पाहतो.

सुटा सेन्सर नको असेल तर तयार मॉड्यूल आहेत. एचसी-एसआर५०१ मध्ये बीआयएसएस०००१ ही चिप प्रवर्धनाचे आणि निर्णयाचे काम करते. मॉड्यूलला ५ ते २० व्होल्ट लागतात, बाहेर ३.३ व्होल्टचा संकेत मिळतो आणि संवेदनशीलता व कालावधी यांची दोन बटणे असतात. एएम३१२ आकाराने फार लहान आहे, कमी व्होल्टेजवर चालते, पण त्यात जुळवाजुळवीला वाव नाही. लेन्स बदलून प्रयोग करायचे असतील तर मी पहिल्याचीच शिफारस करीन. त्याचा घुमट सहज निघतो आणि त्या जागी मोठ्या नाभीय अंतराची लेन्स योग्य अंतरावर धरता येते.

ज्यांना स्तब्ध माणूसही ओळखायचा आहे त्यांनी थर्मोपाइल जातीचे, म्हणजे तापमान स्थिर असतानाही संकेत देणारे, सेन्सर पाहावेत. एएमजी८८३३ समोरच्या ६० अंशांच्या क्षेत्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे तापमान-चित्र देते, आणि एमएलएक्स९०६४० असे चित्र ३२ गुणिले २४ ठिपक्यांत देते. त्यांची प्रकाशयोजना आतच बसवलेली असल्यामुळे त्यांच्यापुढे आणखी फ्रेनेल लेन्स लावू नये.

पाचवी पायरी: दोघांना नेमक्या अंतरावर बसवणे

सपाट मिळणारा लेन्सचा पत्रा नाभीय अंतराइतक्याच त्रिज्येने वाकवावा आणि त्या कमानीच्या मध्यबिंदूवर सेन्सरच्या पट्ट्या येतील असे पाहावे. पट्ट्या डबीच्या खिडकीच्या किंचित मागे असतात, हे माप घेताना विसरू नये. माझ्या पहिल्या पेटीत लेन्स चार मिलिमीटर पुढे बसली होती. पल्ला निम्म्यावर आला आणि मी बरेच दिवस दोष प्रवर्धकात शोधत राहिलो. तेव्हापासून मी पेटीत सेन्सर बसवलेला सर्किट-बोर्ड पुढेमागे सरकेल अशी खाच ठेवतो, पाच-सहा मीटरवरून कोणाला तरी संथ गतीने आडवे चालायला सांगतो, ऑसिलोस्कोपवर (संकेताची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) किंवा मायक्रोकंट्रोलरच्या आलेखावर लाटेची उंची पाहतो आणि ती सर्वाधिक असेल तिथे स्क्रू आवळतो. मोजपट्टीपेक्षा ही पद्धत अधिक विश्वासार्ह आहे.

खाचांची बाजू आत, सेन्सरकडे ठेवावी. बहुतेक लेन्स तशाच वापरासाठी घडवलेल्या असतात आणि बाहेरची गुळगुळीत बाजू पुसायलाही सोपी जाते. भिंतीवरच्या उपकरणात दोन्ही पट्ट्यांना जोडणारी रेषा आडवी हवी. खूण समजत नसेल तर लेन्स काढून सेन्सरपुढून एकदा हात आडवा आणि एकदा उभा न्यावा. ज्या दिशेला लाट मोठी येते ती दिशा आडवी ठेवावी. खिडकीला बोट लावू नये, कारण त्वचेचा तेलकट थर प्रारण शोषतो. पाय जोडताना सोल्डरिंगचा ताप डबीपर्यंत पोहोचू देऊ नये.

सहावी पायरी: प्रवर्धक त्याच गणितावरून

सुट्या सेन्सरच्या आत एक जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) असतो. त्याच्या सोर्स पायाला साधारण ४७ किलोओहमचा रोध जोडला की तिथे एखाद्या व्होल्टच्या आसपास स्थिर दाब मिळतो आणि त्यावर मिलिव्होल्टच्या किंवा त्याहूनही लहान लाटा स्वार झालेल्या असतात. त्यांना दोन टप्प्यांत मिळून काही हजार ते दहा हजार पट मोठे करावे लागते.

कोणत्या वारंवारता मोठ्या करायच्या हे लेन्सच सांगते. २५ मिलिमीटरच्या लेन्सखाली दोन पट्ट्यांच्या मध्यांमधील २ मिलिमीटर अंतर १० मीटरवर ०.८ मीटरचे होते. धन आणि ऋण मिळून पूर्ण लाट १.६ मीटरची, म्हणून सेकंदाला १ मीटर चालणारा माणूस सुमारे ०.६ हर्ट्झचा संकेत देतो. तोच माणूस २ मीटरवरून सेकंदाला ३ मीटर वेगाने धावला तर ९ हर्ट्झ होतात. ०.३ ते १० हर्ट्झ ही सर्वत्र सांगितली जाणारी मर्यादा अशी येते. प्रत्येक टप्प्यात १० किलोओहमसोबत ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि प्रतिपोषणात (फीडबॅकमध्ये) १ मेगाओहमला समांतर १० नॅनोफॅरड ठेवले, तर खालची सीमा सुमारे ०.३४ हर्ट्झ, वरची सुमारे १६ हर्ट्झ आणि प्रवर्धन शंभरपट मिळते. ४७ मायक्रोफॅरडचा भाग कमी गळतीचा असावा, नाहीतर स्थिर पातळी संथपणे सरकत राहते आणि तेच हालचालीसारखे भासते. शेवटी वरची आणि खालची अशा दोन मर्यादा तपासणारा तुलनाकारी जोडावा. वीज दिल्यानंतर पातळी स्थिरावायला मिनिटभर द्यावे आणि तोवरचे इशारे सोडून द्यावेत.

सातवी पायरी: चालून पाहणे आणि खोटे इशारे शोधणे

जमिनीवर खडूने दर मीटरला खूण करावी, संवेदनशीलता मध्यावर ठेवावी आणि प्रत्येक अंतरावर आडवे चालून उपकरण कुठे जागे होते ते आराखड्यावर टिपावे. पल्ला कमी भरला तर बटणाकडे जाण्याआधी लेन्सचे अंतर, पट्ट्यांची दिशा आणि झुकाव तपासावा.

खोट्या इशाऱ्यांची कारणे बहुधा चारच असतात. पहिले कारण गरम हवा: हीटर, उपकरणांची मागची बाजू किंवा उन्हात हलणारा पडदा झोनमध्ये असेल, तर तेवढे पैलू आतून झाकावेत. दुसरे कारण पेटीच्या आत शिरणारा वारा, आणि कीटकही. वायर जिथून येते ते भोक बंद केले की दोन्ही थांबतात. तिसरे कारण कंप, कारण पायरोइलेक्ट्रिक पदार्थ दाबालाही प्रतिसाद देतो. म्हणून उपकरण दाराच्या चौकटीवर बसवू नये. चौथे आणि घरगुती उपकरणांत हल्ली सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे शेजारी बसवलेले वाय-फाय मॉड्यूल. ते संदेश पाठवते त्या क्षणी प्रवर्धकात ठोका बसतो, त्या ठोक्याला हालचाल समजून पुन्हा संदेश जातो, आणि हे चक्र चालू राहते. अँटेना सेन्सरपासून दूर न्यावा, सेन्सरच्या पायांशी अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावावा, धातूची डबी ग्राउंडला जोडलेली आहे का ते पाहावे आणि संदेश जात असताना आलेले संकेत प्रोग्राममध्ये दुर्लक्षित करावेत.

ही चाचणी दोनदा करावी, एकदा गारव्यात आणि एकदा दिवसाच्या सर्वांत उष्ण वेळी. भिंतीचे तापमान ३३-३४ अंशांवर गेले की त्वचा आणि पार्श्वभूमी यांच्यातील फरक जवळजवळ मिटतो, आणि सकाळी दहा मीटर दाखवणारे उपकरण दुपारी त्याच्या निम्म्यावर येऊ शकते. आराखड्यावरचा पल्ला त्या उष्ण वेळेचाच धरावा. तो अपुरा वाटला तर मोठ्या क्षेत्रफळाची लेन्स घ्यावी किंवा दुसरे उपकरण समोरच्या कोपऱ्यात लावावे, आणि मगच पेटीचे झाकण कायमचे बंद करावे.